सुलेमान मिस्त्रीची चूक

सुलेमान मिस्त्रीचं नाव निघालं की आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं आहे. "कारागीर मोठा होता, पण एकदा चुकला." आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, हयात होते तोवर ते म्हणायचे, आता मुलगा म्हणतो, आणि ज्यानं मिस्त्रीला डोळ्यांनी पाहिलंही नाही तो नातूसुद्धा मान हलवतो. मी म्हणते, अरे बाबांनो, तो नाही चुकला, मी चुकले. तर सगळे हसतात. म्हातारीला इंजिनातलं काय कळतंय! म्हणून आता लिहूनच ठेवते. वाचा, नाहीतर चुलीत घाला.

हिंगोलीत तेव्हा मोटारसायकली चार. एक आमच्या डॉक्टरांची, एक वकिलांची, एक कापसाच्या जिनिंगच्या मॅनेजरची आणि चौथी अबकारी इन्स्पेक्टरची. बाकी सगळा रस्ता बैलगाड्यांचा. या चारही गाड्यांचा वैद्य एकच, सुलेमान मिस्त्री. जुन्या छावणीतल्या घोड्यांच्या पागा ओस पडल्या होत्या, त्यातल्या एका खणात तो राहायचा. तिथंच चूल, तिथंच बाज, तिथंच हत्यारं. उंच, किडकिडीत माणूस. नखांतलं काळं ईदेच्या दिवशीसुद्धा निघायचं नाही. आधी जिनिंगच्या तेलइंजिनावर फिटर होता. बायको लग्नाच्या दुसऱ्या वर्षी प्लेगात गेली, पुन्हा लग्न केलं नाही. परभणीला एक बहीण होती, तेवढाच गोतावळा.

त्याच्याकडे माणसं यायची ती यंत्र घेऊनच. नुसतं बसायला, दोन शब्द बोलायला कुणी गेल्याचं मला आठवत नाही. तोही कुणाकडे गेला नाही. गावात म्हणत, मिस्त्रीला माणसाची बोली येतच नाही. खोटं नव्हतं ते. हवापाण्याच्या गप्पा निघाल्या की तो खाली मान घालायचा आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरायचा. पण गाडी सुरू करा, मग बघा!

बाभळीची एक गुळगुळीत काडी असायची त्याच्याजवळ, वीतभर लांब. तिचं एक टोक चालू इंजिनाला टेकवायचं आणि दुसरं दातांत धरायचं. मग डोळे मिटायचे. एक स्क्रू पाव फेरा वळवायचा, थांबायचं, पुन्हा केसभर मागं घ्यायचा. असं चांगलं तासभर चालायचं. डॉक्टर घाईचे. त्यांनी एकदा विचारलं, कान चांगले धडधाकट असताना ही काडी कशाला चावता? तर म्हणाला, कानानं सगळा गाव ऐकू येतो साब, दातानं नुसतं इंजिन.

प्लग काढून तळहातावर घ्यायचा आणि उन्हात धरून बघायचा. भाजलेल्या शेंगेच्या टरफलाचा रंग आला की स्वारी खूष. पांढरा पडला असला की म्हणायचा, इंजिन उपाशी हाय, पेट्रोल कमी पडून राहिलं. काळा पडला असला की, अजीर्ण झालं. मी नवी नवरी असल्यापासून हे ऐकत होते. डॉक्टर माणसांच्या जिभा बघत आणि मिस्त्री गाडीची जीभ बघे, एवढाच काय तो फरक.

पण त्याची खरी काळजी एकच, गाडी तापण्याची. दसरा झाला की कापूस निघायचा आणि जिनिंगकडे गाड्यांची रांग लागायची. भरलेल्या येऊन राहिल्या आहेत, रिकाम्या परत चालल्या आहेत, मधे धुरळा आणि त्या धुरळ्यात बैलाच्या पावलानं चालणारी आमच्या डॉक्टरांची मोटारसायकल. मिस्त्री तळमळायचा. डॉक्टरांना तो दरवर्षी तेच सांगायचा आणि ते दरवर्षी विसरायचे. गाडीला चालताना वारा लागतो, त्या वाऱ्यावर ती जगते. बैलामागं रांगत जाऊ नका. रांग दिसली की इंजिन बंद करा, लिंबाच्या सावलीत वाऱ्याकडे तोंड करून उभी करा, बिडी ओढा, रांग सरकली की निघा. बाजारात शिरायच्या आधी तेलाच्या पंपाचा एक हात जास्त मारा. आणि तापल्यावर पाणी ओतायचं न्हाई म्हणजे न्हाई, लोखंड तडकतं. हँडलवर ठिणगी मागंपुढं करायची एक दांडी असते. गाडी सुरू करताना ती मागं घ्यायची आणि मग पुढं ढकलायची, तर डॉक्टर ती मागंच विसरायचे आणि इंजिन आतून भाजायचं. मिस्त्रीनं शेवटी खिळ्यानं हँडलवर खूण करून दिली. इतकं कुणी स्वतःच्या लेकराचं करत नाही.

वकिलांची गंमत सांगते. त्यांनी धोतरावर चिखल उडतो म्हणून गाडीपुढं हा एवढा पत्रा ठोकून घेतला. धोतर राहिलं पांढरंशुभ्र, पण गाडी औंढ्यापर्यंत जाईना. नागनाथाच्या यात्रेच्या गर्दीत तीनदा बंद पडली. मिस्त्रीनं न विचारता पत्र्याला कात्री लावली आणि दोन मोठी भोकं पाडली. वकील खवळले. म्हणे, नवा पत्रा नासला, दावा लावीन. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "वकीलसाब, तुमच्या घराला खिडक्या काहून ठेवल्या?" वकिलांना उत्तर सुचलं नाही, आणि वकिलाला उत्तर सुचलं नाही ही बातमी आठ दिवस गावभर फिरली. मिस्त्री मात्र हसला नाही. त्याला ते विनोदाचं वाटलंच नव्हतं.

आमच्याकडे तो दर महिन्याला यायचा आणि जाता जाता माझ्या शिवणाच्या मशीनला तेल देऊन जायचा. एकदा सासूबाईंशी माझं वाजलं होतं आणि मी मशीनवर राग काढत होते. मिस्त्री अंगणात गाडीपाशी बसला होता. मान वर न करता म्हणाला, बाई, मशीन आज गुस्स्यात चालून राहिली, सुई मोडन. मी हात थांबवला आणि बसल्या जागी रडले. घरातल्या चार माणसांपैकी एकालाही कळलं नव्हतं, या परक्या माणसाला आवाजावरून कळलं. तेव्हापासून तो माझा कोण होता ते मला सांगता यायचं नाही, पण होता.

गाडी ठीक करून झाली की तो फाटकात उभा राहायचा. डॉक्टर निघून जायचे, आवाज लांब लांब जायचा, कयाधूच्या पुलापलीकडे विरायचा. तोवर मिस्त्री हलायचा नाही. मग हात पुसायचा आणि छावणीकडे चालू लागायचा. त्या पागेत जाऊन त्याची संध्याकाळ कशी जात असेल, हा विचार मी तेव्हा केला नाही. माझा संसार भरलेला होता ना.

आता माझं सांगते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी डॉक्टर गाडीवरून पडले आणि हात मोडून घेतला. मी घाबरले. मारुतीला बोलले, यांना सांभाळ, दर दसऱ्याला तुझा शेंदूर गाडीला लावीन. माझं माहेर बाळापूरकडचं, शेतकऱ्याचं. दसऱ्याला आम्ही नांगर पुजायचो, कुऱ्हाड पुजायचो, मग गाडी का नाही? पण लावायचा कुठं? देवाचा शेंदूर कुठंतरी फासून चालत नाही. म्हणून मी मिस्त्रीलाच विचारलं, हिचा जीव कुठं असतो हो? त्यानं इंजिनाच्या त्या पत्र्यांवर हात ठेवला, एकावर एक कड्या असतात ना, त्यांवर, आणि म्हणाला, "हितं, बाई."

झालं! दर दसऱ्याला मी तेलात शेंदूर कालवायची आणि त्या कड्यांवर बोटांनी थापायची, अगदी फटींतून बसेल असा. डॉक्टर थट्टा करायचे आणि दवाखान्यात निघून जायचे. दुसऱ्या दिवशी मिस्त्री कापसाच्या हंगामाआधीची तपासणी म्हणून गाडी छावणीत न्यायचा. परत यायची तेव्हा कड्यांवर शेंदूर नसायचा, पण टाकीवर मधोमध एक टिळा असायचा. मला वाटायचं, बाकीचा झिजला असेल. तो टिळा बघून मला हायसं वाटायचं.

त्या कड्या वारा लागावा म्हणूनच असतात, इंजिनाचा ताप तिथूनच बाहेर पडतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मिस्त्रीनंही नाही. तो मुकाट्यानं बांबूच्या काडीनं आणि घासलेटच्या चिंधीनं फट न् फट साफ करायचा, आणि माझं मन राहावं म्हणून टाकीवर बोट टेकवायचा. सहा वर्षं हे चाललं.

सातव्या वर्षी, लढाई चालू होती तेव्हा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी परभणीहून निरोप आला. मिस्त्रीची बहीण अत्यवस्थ. तो तसाच रेल्वेनं गेला आणि दिवाळी उलटून गेली तरी आला नाही. माझा मुलगा त्या वर्षीच झाला होता. नवसाचं पोर म्हणून मी त्या दसऱ्याला दुप्पट शेंदूर लावला. त्यावर रस्त्याचा धुरळा बसला, आतून इंजिन भाजत गेलं, आणि सगळ्याची काळी खापरी झाली. डॉक्टर रोज गाडीवर बसत होते, पण त्यांना वाटलं चिखल आहे. मिस्त्री आला की धुईल.

मिस्त्री आला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. बहिणीला माती देऊन आला होता. सकाळी आमच्याकडे डोकावला, तर डॉक्टर घाईत होते. नुसता प्लग बघून द्या म्हणाले. त्यानं प्लग बघितला, तो पांढराफटक. म्हणाला, गाडी आज ठेवून जा साब, मला नीट बघू द्या. डॉक्टर म्हणाले, उद्या. मिस्त्री वाकून कड्यांकडे बघायला लागला तेवढ्यात यांनी किक मारली आणि दवाखान्यात गेले.

त्याच दुपारी नरसीकडच्या एका खेड्यातून माणूस धावत आला. बाळंतीण दोन दिवसांपासून अडली होती. डॉक्टर दवाखान्यातून परस्पर निघाले. बाजाराचा दिवस, कापसाचे दिवस. अर्धा कोस गाड्यांची रांग, आणि डॉक्टरांना थांबून बिडी ओढायला वेळ कुठला! त्या रांगेतून रेटत गेले. रांग संपता संपता इंजिनानं आचका दिला आणि पिस्टन आत अडकून बसला. किक खाली जाईना. मग एका रिकाम्या बैलगाडीतून गेले, पोचायला दिवस मावळला. मूल वाचलं. आई गेली.

दुसऱ्या दिवशी गाडी बैलगाडीत घालून आणली. डॉक्टरांनी मिस्त्रीला बोलावून घेतलं. असा राग मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. अंगणात शेजारीपाजारी जमले होते, त्या बाईचा दीरही आला होता. कुणीतरी गुन्हेगार हवा होता सगळ्यांना. मिस्त्री गाडीपाशी बसला. त्यानं कडीवरची काळी खापरी नखानं उचकटली. खालून लालभडक शेंदूर निघाला. मी दारात पोराला घेऊन उभी होते. त्या क्षणी मला सगळं कळलं, टाकीवरचा टिळासुद्धा. मिस्त्रीनं ती खापरी मुठीत घेतली, उरलेल्यावर चिंधी टाकली आणि उठून उभा राहिला. म्हणाला, "माझीच चूक, साब. काल सकाळी हात लावला होता, पेट्रोल कमी सुटून राहिलं ते बघितलं न्हाई."

डॉक्टरांनी त्याला सांगितलं, पुन्हा माझ्या गाडीला शिवू नकोस. इतकी वर्षं अहो-जाहो करणारा माणूस एकेरीवर आला. मिस्त्री मान डोलावून निघून गेला. आणि मी? मी तोंड उघडलं नाही. खरं सांगते, मी भ्याले. सासूबाई शेजारी उभ्या होत्या, त्या बाईचा दीर समोर होता. माझ्या हातच्या शेंदरानं एक लेकुरवाळी गेली हे अख्ख्या आळीसमोर म्हणायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, रात्री सांगू यांना. रात्री म्हटलं, उद्या. असे पंधरा दिवस गेले.

सोळाव्या दिवशी मशीन दुरुस्तीचं निमित्त करून मोलकरणीच्या डोक्यावर मशीन दिलं आणि छावणीत गेले. पागेत पहिल्यांदाच पाऊल टाकलं. एक ताटली, एक पेला. मी म्हटलं, मिस्त्री, मी यांना सगळं सांगणार आहे. तर तो मशीनचं चाक फिरवत म्हणाला, "काय सांगता, बाई? जीव कुठं हाय ते मीच दाखवलं. तुमाला त्या घरात जनम काढायचाय. मी एकला माणूस. माझं नाव गेलं तर घरी कुणाला तकलीफ हाय?"

मी विचारलं, दरवर्षी काढलेल्या शेंदराचं काय केलंत? म्हणाला, नालीत कसा टाकू, देवाचा हाय, पिंपळाखाली ठेवीत आलो. मग मशीनला तेल दिलं आणि मोलकरणीला हाक मारली.

मला ते ऐकून बरं वाटलं, ही माझी खरी लाज आहे. एकट्या माणसाच्या नावाला किंमत कमी, हे त्यानं म्हटलं आणि मी मानलं. घरी आले, स्वयंपाक केला, जेवले.

इकडे वकिलांनी गाडी नांदेडला न्यायला सुरुवात केली. मॅनेजर, इन्स्पेक्टर, एकेक करून सगळे गेले. ज्याच्या हातून बाळंतीण मेली त्याच्याकडे गाडी कोण देईल? मिस्त्री स्टोव्ह दुरुस्त करायला लागला, कंदील, कुलपं. तेही कमी कमी. लोक सांगायचे, मोटारसायकलचा आवाज आला की तो पागेच्या बाहेर येऊन उभा राहतो, आणि गाडी न थांबता पुढं जाते. डॉक्टरांच्या गाडीचा आवाज बिघडला होता. नांदेडच्या कारागिरानं काहीतरी केलं होतं. मलासुद्धा तो बेसूर ऐकू यायचा, तर त्याला कसा ऐकू येत असेल?

तीन वर्षांनी मी बाजारात भंगारवाल्यापुढं मिस्त्रीचे नट आवळायचे पाने मांडलेले बघितले. मुठीला सुतळी गुंडाळलेले त्याचेच होते. त्या दिवशी डॉक्टर जेवायला बसल्या बसल्या मी सगळं सांगितलं, दसऱ्यापासून खापरीपर्यंत. त्यांनी ताट सरकवलं आणि तसेच छावणीकडे गेले. मी दारात बसून राहिले. वाटलं, सुटले एकदाची.

तासानं परत आले ते शांत होऊन. म्हणाले, तो सांगतो, बाईंचं मन हळवं आहे, शेंदरानं कुठं इंजिन बंद पडतं? चूक माझीच होती म्हणे. मी पुष्कळ भांडले. म्हटलं, तो खोटं बोलतोय, मला सांभाळून घेतोय. पण डॉक्टरांना त्याचंच ऐकणं सोयीचं होतं. बायकोचाही दोष नको आणि रोज गाडीवर बसून ज्याला दिसलं नाही त्याचाही नको. "कारागीर स्वतः सांगतोय, तुला काय त्यातलं कळतं?" म्हणाले आणि ताट पुढं ओढलं. त्यानंतर आजतागायत हा विषय आमच्या घरात असाच मिटवला जातो.

अठ्ठेचाळीसच्या उत्तरार्धात संस्थान गेलं तेव्हा आमच्या मुलखात जी उलथापालथ झाली तिच्यात छावणीतली कितीतरी माणसं इकडची तिकडं झाली. मिस्त्री कुठं गेला ते कुणी सांगितलं नाही. मी विचारत राहिले. परभणीला विचारलं, नांदेडला विचारलं. त्याला ओळखणारंच कुणी नव्हतं.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्याच वर्षी, पण आधी, पौष महिन्यात. मुलाला घेऊन बैलगाडीनं बाळापूरकडे माहेरी निघाले होते. गावाबाहेर कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडलेला. आमच्या पुढं एक परका तरुण अधिकारी मोटारसायकलवर खोळंबला होता, इंजिन चालूच. रांगेच्या कडेनं मिस्त्री चालत आला. फार वाळला होता. तो त्या गाडीपाशी थांबला, ऐकलं, आणि हलकेच म्हणाला, बंद करा साब, तापून राहिली. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी केली, वाकून काहीतरी अर्धा फेरा वळवलं, कड्यांवर अडकलेला कापूस बोटानं काढला. जरा वेळानं म्हणाला, आता मारा किक. काय आवाज आला म्हणून सांगू! किती वर्षांनी तसा ऐकला. तो पोरगा चकित झाला. विचारलं, तुम्ही मिस्त्री आहात का?

"न्हाई साब," तो म्हणाला. "असंच, ऐकून ठाव हाय."

मला राहवलं नाही. भर रस्त्यात गाडीतून खाली उतरले. डोक्यावरचा पदर सावरायचंही भान नव्हतं. त्या पोराला म्हटलं, खोटं सांगतायत ते, हेच सुलेमान मिस्त्री, यांच्या तोडीचा कारागीर सगळ्या मुलखात नाही. त्या साली गाडी बंद पडली ती माझ्या हातानं, यांच्या नाही, ऐकलंत का? गाडीवान ऐकत होते, बैल थांबलेले होते, मी मोठ्यानं बोलत होते. कुठलं साल, कुठली गाडी, त्या परक्या पोराला काय कळणार? तो बावरून एकदा माझ्याकडे आणि एकदा मिस्त्रीकडे बघत राहिला.

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. रागावला नाही, हसलाही नाही. खूप दमलेला दिसला. म्हणाला, "बाई, म्होरल्या गाड्या हलल्या."

खरंच हलल्या होत्या. मागचे गाडीवान ओरडायला लागले. मोटारसायकल भुर्रकन गेली. मला गाडीत चढावं लागलं. मागं वळून बघितलं तेव्हा मिस्त्री रस्त्याच्या कडेला मूठभर वाळल्या गवताला हात पुसत उभा होता, आणि त्याच्यासमोरून कापसाच्या गाड्या एकामागून एक चालल्या होत्या.